घोडेस्वारांचे चोरणे

माझ्या मित्राचं नाव पडद्यावर येणार म्हणून लढाईचा तो सिनेमा पाहायला जाऊ, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला त्यात खोट काढायची होती.

तो मित्र आणि मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात बरोबरच लागलो. नव्याकोऱ्या पँटी दगड घालून धुवायच्या, मांड्यांवर पॉलिश पेपर घासून पांढऱ्या करायच्या, म्हणजे त्या वापरल्यासारख्या दिसतात. यात माझा हात जास्त चांगला, हे सगळा कारखाना जाणतो. पण या सिनेमातले कपडे जुने दिसतील असे करायचं काम मिळालं त्याला. तो कोणाशीही दोन मिनिटांत गप्पा जमवतो आणि मी मान खाली घालून घासत बसतो. तेव्हापासून माझा जळफळाट चालू होता. पडद्यावरच्या त्या नावांत एकदा आपलंही नाव यावं, याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अंबरनाथच्या थिएटरात जाऊन बसलो. सुरुवातीला बरं वाटलं, कारण सिनेमा लांबड लावत होता. सरदार एक वाक्य बोलला की ढोल वाजायचे. शत्रू म्हणजे नुसते डोळे वटारून हसणारे. त्यातल्या एकालाही घरदार असेल असं वाटेना. लग्नाचं गाणं तर वेढ्याच्या मधोमध घुसवलेलं. मी हे सगळं बायकोच्या कानात सांगत होतो.

"अहो, बघू द्या ना," ती म्हणाली.

मग किल्ल्यातलं धान्य संपल्याचा प्रसंग आला. कुणी भाषण केलं नाही. दोन शिपाई एक भाकरी मोडतात आणि मोठा तुकडा मुकाट्याने एकमेकांकडे सरकवत राहतात, एवढंच. बायकोच्या कानाशी नेलेलं तोंड मी मागे घेतलं. त्यांचे अंगरखे तर इतके खरे विटलेले होते की मला उठून जावंसं वाटलं. दगडांची धुलाई ती. कला आमच्या कारखान्याची आणि कौतुक त्याचं एकट्याचं.

शेवटच्या लढाईत मला हवं ते सापडलं. घोडेस्वारांचे चोरणे, म्हणजे त्यांच्या त्या जुन्या पद्धतीच्या विजारी, मांड्यांवर समोरून पांढरे घासलेले होते, थेट जीन्ससारखे. रोज खोगिरावर बसणाऱ्याचं कापड आतल्या बाजूने आणि बुडाशी विरतं. जीन्सच्या सवयीने मित्राचा हात समोरच गेला असणार. सबंध थिएटरात हे फक्त मला दिसत होतं. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

शेवटी त्याचं नाव आलं तेव्हा बायकोने टाळ्या वाजवल्या. मी चपला शोधत होतो.

बाहेर आलो तर त्याचाच फोन. "पाहिलास ना? आता खरं बोल हां भावा. बाकीचे नुसती वाहवा करतात. कपड्यांत कुठे चुकलंय?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण सांगितलं तर सिनेमाच्या येणाऱ्या दुसऱ्या भागात तो सुधारणार आणि आणखी मोठा होणार.

"एकदम कडक," मी म्हणालो. "काय खोट नाय."

"नक्की?"

"नक्की."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "मग टेन्शन गेलं. दुसऱ्या भागाला चुका पकडणारा एक माणूस पाहिजे होता, तुलाच घ्यायचा विचार होता. पण तुझ्या नजरेला पण काय दिसलं नाय, म्हणजे मग गरज नाय ना?"

अजूनही सांगता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं, पण मग आधी मुद्दाम खोटं बोललो हेही कबूल करावं लागलं असतं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.