रूपरावाचं आवतन

अल्लीपुरात रूपराव दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक त्याच्या मळ्यातली वांगी, आणि दुसरं त्याचं बैलांशी बोलणं. तसं बैलांशी सगळेच बोलतात, पण रूपराव बोलायला लागला की बाजूचा माणूस गप्प बसून ऐकतो. माणसांशी त्याचं जेमतेमच. स्वतःशी मात्र तो जे बोलायचा, ते कोणी दुश्मनाशीही बोलू नये.

हे मागच्या वर्षी सुरू झालं. धाकटा भाऊ अंकुश तापानं पडला होता आणि त्याच्या कपाशीची फवारणी राहिली होती. रूपराव न सांगताच आपला पंप घेऊन गेला. त्याच पंपानं आदल्या दिवशी त्यानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारलं होतं. पंप त्यानं धुतला होता, पण घाईत चहाचा कप विसळावा तसा. पंपात उरलेल्या तणनाशकानं काही दिवसांतच अंकुशच्या कपाशीची पानं आखडून कोंबडीच्या पायासारखी झाली. ही चूक इकडं दर हंगामात कोणी ना कोणी करतंच, आणि गाव त्याला पुढच्या हंगामापर्यंत हसतं.

अंकुश चिडला, काही दिवस बोलला नाही, मग स्वतःच आला. "दादा, तू माह्यासाठीच गेलता ना. जाऊ दे," म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याच्यापुरता विषय संपला आणि रूपरावाचा तिथून सुरू झाला.

पोळ्याला दोन्ही घरांची पंगत अंकुशकडे बसते. त्या पोळ्याला रूपरावानं बैलांना पुरणपोळी भरवली आणि स्वतः 'भूक नाई' म्हणून गोठ्यात जाऊन बसला. मग लग्न असो की तेरवी, तो कुठंच पंगतीला बसेना. घरीसुद्धा सगळ्यांचं आटोपलं की उभ्यानं दोन घास. पंप धुवायचा, वाळवायचा, परत धुवायचा, आणि शेवटी पंपाला हात लावणंच त्यानं सोडलं. वांगी घेऊन हिंगणघाटच्या बाजाराला निघाला की विहिरीवरची मोटार बंद केली की नाही या धास्तीनं अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. मोटार बंदच असायची. मग वांग्यांच्या ओळीत उभा राहून पुटपुटायचा, "नालायका, तुह्यानं काईच होत नाई. भावाचं वाटोळं केलं तू."

त्याची बायको जयवंता हे ऐकायची. गावानं सुचवलं ते सगळं तिनं केलं, दोरा बांधला, नजर उतरवली. दोऱ्याला काय कळतंय! शेवटी कोणीतरी सिंदी मेघे गावातल्या गुंजन नावाच्या समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे गोळ्या नव्हत्या, नुसतं बोलणं होतं.

"मी काई येडा नाई," रूपराव म्हणाला.

"येडे असते तं मी नेलंच नसतं. चाला," जयवंता म्हणाली.

पहिल्या भेटींत रूपरावानं तिथला पंखा बारकाईनं पाहिला. पुढं एकदा गुंजननं विचारलं, "काका, स्वतःला काय म्हणता ते मला मोठ्यानं सांगाल का?" त्यानं पाठ असल्यासारखं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. बैल आहेत का? त्यातल्या कोणी कधी नुकसान केलं का?

"केलं ना," रूपराव खुर्चीत सावरून बसला. "बंड्यानं एक डाव वांग्यायची भरली बैलबंडी नाल्यात पाडली. ट्रकचा हॉर्न वाजला अन् बिचकला."

"मग त्याला काय म्हणालात?"

"काय म्हननार? मानेवरून हात फिरवला. दम खा म्हनलं, होते असं. भेलेल्या बैलाले मारलं तं तो त्याच जागी परत बिचकते."

"आणि भ्यालेल्या माणसाला?"

रूपराव पुन्हा पंख्याकडे बघायला लागला.

शिवी तोंडात आली की थांबायचं, आणि बंड्याला म्हणाला असता ते स्वतःला म्हणायचं, एवढंच तिनं करायला सांगितलं. रूपरावाला ते बावळटपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. "मानूस काय जनावर हाय का?" त्यानं विचारलं. "नाही. पण जनावराला देता तेवढं तरी स्वतःला द्या," गुंजन म्हणाली.

काही महिने असेच गेले. मधे एकदा त्यानं जाणंच सोडलं, जयवंतानं पुन्हा नेलं. एखादा दिवस बरा, एखादा पहिल्यासारखाच. पण वांग्यांच्या ओळीत आता शिवीच्या मागोमाग "हो, हो, दम खा" असं ऐकू यायला लागलं. गाव म्हणालं, रूपराव आता स्वतःलाच बैलासारखा हाकून राह्यला. बाजाराला जाणं पुन्हा सुरू झालं. तणनाशकासाठी त्यानं वेगळा पंप आणला, त्याला लाल चिंधी बांधली, आणि जुना पंप पुन्हा खांद्यावर घेतला. पंगतीचं नाव काढलं की मात्र उठून गोठ्यात जायचा. अंकुश यंदाच्या पोळ्याच्या पंगतीचं सांगून गेला, तेव्हा रूपराव ना हो म्हणाला, ना नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यांवर पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. रूपरावानं बंड्याचा खांदा सावकाश शेकला आणि म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पानावर थोडं तूप उरलं होतं. दाराशी उभ्या जयवंताला वाटलं, आता तो पान टाकून देईल. त्यानं सदऱ्याची गुंडी काढली, पंपाच्या पट्ट्यानं काळवंडलेल्या आपल्या खांद्यावर ते पान ठेवलं आणि बराच वेळ दाबून धरलं. मग बंड्याशी बोलायचा त्याच आवाजात हळूच म्हणाला, "रूपराव, उद्या जेवाले येजो."

जयवंता पदर तोंडाला लावून आत गेली. तिला रडू आलं होतं आणि ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैलांचं झाल्यावर रूपराव अंकुशच्या शेजारच्या ताटावर बसला.

"गोठ्याचं फाटक लावलं का रे?" त्यानं विचारलं.

"लावलं. जेव तू," अंकुश म्हणाला.

तो जेवला. जयवंता वाढत पुढं निघाली, तेव्हा त्यानं तिला थांबवलं आणि आणखी एक पोळी मागून घेतली.