खलनायकाचं बारसं

करंजाड्याचा काशीराम एरवी सिमेंट-रेती विकायचा आणि वर्षातून एकदा, गावच्या जत्रेसाठी, नाटक लिहायचा. नाटक झरझर उतरायचं. पात्रांच्या नावांपाशी मात्र त्याचं गाडं हटकून अडायचं. "नावान अर्थ पायजे," हे त्याचं ठाम मत.

यंदाचा खलनायक एकच प्लॉट पाच जणांना विकणारा होता. काशीरामनं त्याचं नाव ठेवलं दुर्जनराव, आणि मोठ्या हौसेनं ते बायकोला, भामाला, ऐकवलं. ती बोंबील साफ करत होती.

"अवो, पोराचा नाव दुर्जन कोन ठेवतंय? पालन्यानच कलला व्हता काय आयशीला, ह्यो पुढं प्लॉट इकनार म्हनून?"

काशीरामला पटलं. खरंच की! आईबाप नाव ठेवतात ते आशेनं. त्यातला अर्थ बुडवतं ते पोरगं. त्यानं दुर्जनराव खोडला आणि लिहिलं, सत्यजीत. लबाडाला असलं नाव! स्वतःवरच खूश होऊन त्यानं पुन्हा चहा टाकायला सांगितला.

देवळात तालीम रंगात आली असताना समोर पांढरीशुभ्र मोठी गाडी थांबली. उतरला गावचाच सत्यजीत, जमिनींचा दलाल. हा काशीरामच्या ध्यानातच आला नव्हता! नायकाचं काम करणारा मितेश हळूच खांबाआड सरकला.

"काका, नाटकान माझा नाव घातलाव म्हनं?"

"योगायोग रं बाबा. आताच बदलतो."

"बदलू नका! गाडी बी माझीच न्या स्टेजवर. नि गल्यान चेन जरा जाड दाखवा. फक्त शेवटी जेल नको, काका. जामीन तरी द्या."

काशीरामनं गाडी घेतली, चेन घेतली, जेल मात्र कायम ठेवलं.

प्रयोगाला सत्यजीत सहकुटुंब पहिल्या रांगेत. खलनायकाला बेड्या पडल्या तसा तो उठून ओरडला, "जामीन मी र्‍हातो!" मंडप हसून लोळला. नायक दीनानाथाचा रडण्याचा प्रवेश त्या हशात वाहून गेला, आणि मितेश रंग न पुसताच रुसून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिघे आले. दोघांना पुढच्या वर्षी खलनायकाला आपलंच नाव हवं होतं. तिसरा भावाचं नाव सुचवायला आला होता. दोघा भावांचं वाटणीवरून वाकडं होतं.

"नि नायकाला कोनाचा नाव देऊ?" काशीरामनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्याला र्‍हाऊ दे दीनानाथच," एकजण म्हणाला. "नायतरी त्याच्या नावावर काय हाय?"

हसावं की रडावं ते काशीरामला कळेना. त्यानं तिघांना चहा सांगितला.