मागं गेलेला समुद्र

सासूबाई गेल्या आणि देवापाशी काही मागणं मी सोडून दिलं. रागानं नाही, थकून. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं सगळं करता करता दर मंगळवारी सीताबर्डीला उतरून टेकडीच्या गणपतीपुढे मी एकच मागणं मागत असे, त्यांना एकदा तरी स्वतःच्या पायांनी अंगणात येऊ दे. त्या आल्या नाहीत. नंतरही मी दिवा लावायचे, हात जोडायचे, पण आत सगळं मुकं. शेजारणी म्हणायच्या, आता मोकळी झालीस. मोकळं झालेलं माणूस भरदुपारी औषध द्यायला दचकून उठतं, हे त्यांना कोण सांगणार?

माझं असं बसून राहणं मुलीला बघवेना. तिनं आम्हा नवराबायकोसाठी कच्छच्या किनाऱ्यावर तंबूत राहायची सहल ठरवून टाकली. तंबू कसला, आत पलंग, एसी, पुरुषभर उंचीचा आरसा. नवरीची खोली सजवावी तसा थाट. एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्र. तरणी मंडळी वाळूवर गाड्या उडवत होती, पॅराशूटला लोंबकळत होती. आम्ही नागपूरच्या नंदनवन वस्तीतली माणसं खुर्च्या टाकून चहा पीत बसलो.

निघताना नणंदेनं नारळ दिला होता. आमच्याकडे नदी असो की तलाव, पाण्याला रिकाम्या हातानं भेटत नाहीत, आणि समुद्र तर आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर नारळ घेऊन गेलो, तर समुद्र पार दूर मागं गेलेला. उन्हाळ्यात तलाव आटतो तसंच हे, असं धरून आम्ही पाण्यापर्यंत चालत निघालो. आटलेल्या तलावात सगळेच जातात. ओहोटीचं पाणी परत येतं हे शाळेत शिकलो होतो, पण पायांना ते ठाऊक नव्हतं.

नारळ वाहिला, परत फिरलो आणि थोड्याच अंतरावर यांचा पाय रुतला. यांना शुगर आहे, तळपायांना फारसं कळत नाही. चप्पल गाळात गेली हे ध्यानात येईपर्यंत दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत होते. मी ओढायला गेले तर माझेच पाय जाऊ लागले. फोन तंबूत चार्जिंगला. हाका मारल्या, पण वारा उलटा होता. मग पाणी आलं. लाटा नाहीत, आवाज नाही, ओट्यावर सांडलेल्या दुधासारखं पसरत आलं. हे शांतपणे म्हणाले, "तू जाय वं परत. दोघांनी काहून मराचं?"

मी गेले नाही. त्यांना धरून तिथंच चिखलात बसले. खरं सांगते, त्या वेळी मला ना स्तोत्र आठवलं, ना नवस बोलायचं त्राण उरलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मी थकली गा बाप्पा. आता तुझं तू पाह." हे मागणं नव्हतं. डोक्यावरची घागर कुणाच्या तरी हातात द्यावी, तसं काहीतरी माझ्याकडून सुटलं. भीती होतीच, तरी हलकं वाटलं.

पाणी यांच्या मांड्यांपर्यंत चढलं, तेव्हा खारफुटीच्या झुडपांमागून एक उंटीण आली. तिची दोरी धरून काळी ओढणी घेतलेली एक बाई चालत होती. ती ओरडली नाही, आमच्यावर रागावलीही नाही. उंटिणीला घट्ट जमिनीवर उभं करून तिनं दोरी यांच्या काखेखालून बांधली आणि पालथी पडून हातांनी पायांभोवतीचा गाळ उकरू लागली. मीही तशीच पडले. उंटीण पुढे चालू लागली, एक पाय सुटला, मग दुसरा. तिच्या पावलावर पाऊल ठेवत आम्ही किनाऱ्याला लागलो. वळून पाहिलं तर आम्ही होतो तिथं नुसतं पाणी होतं.

मी तिच्या पाया पडायला वाकले, तिनं मला वरच्या वर धरलं. इकडे कशी आलीस, असं मी हिंदीत विचारलं. उंटिणीच्या मानेवर हात ठेवून ती म्हणाली, "इसका बच्चा खो गया. सुबह से ढूँढ रही हूँ. इधर तो हम कभी आते नहीं." त्या बाईचे डोळे सुजलेले होते. आमच्याकडचं पाणी प्यायली आणि उजेड आहे तोवर शोधावं म्हणून तशीच निघून गेली.

कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. तंबूत येऊन यांचे पाय धुऊन दिले, बोटाबोटांतला गाळ काढला, तेव्हा मला रडू आलं. मग दारात बसून, कितीतरी महिन्यांनी मी देवापाशी मागणं मागितलं, तिचं पिल्लू तिला मिळू दे. सासूबाईंसाठी मागायचे तेव्हा रोज उत्तराची वाट बघायचे, आणि वाट बघूनच जास्त थकायचे. या वेळी मागितलं आणि त्याच्यावर सोडलं.

ते सापडलं की नाही, हे मला कधीच कळायचं नाही. नागपूरला आल्यावरही दिवा लावताना मी तेच मागते. हे शेजारच्या पाटावर बसलेले असतात. परवा म्हणाले, "आता तं ते मोठं झालं असन वं." मी म्हटलं, असू द्या, आणि वात पुढं सारली.