देवीच्या लशीची पत्रं आणि माझा दंड

देवीच्या लशीच्या इतिहासावर प्रबंध लिहायचं ठरलं, तेव्हा सुई पाहून मला घेरी येते हे मी कुणालाच सांगितलं नाही. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. ही लस आपल्याकडे नवी असताना ती टोचत हिंडलेल्या एका इंग्रज डॉक्टरची पत्रं कलकत्त्यात आहेत असं कळलं, आणि मी पुण्याहून येऊन कल्याणला हावडा मेल पकडली.

उतरलो भवानीपूरला, बँकेतल्या बदलीमुळे तिथे गेलेल्या काकांकडे. रोज ट्रामने एस्प्लनेड, वाटेत कचोरी, मग ग्रंथालय. तुम्ही जाणार असाल तर भिंग न्या. डॉक्टरसाहेबांचं अक्षर म्हणजे शाईत बुडून आलेल्या मुंग्या. त्या काळी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत. आया मुलांना घेऊन पळत आणि डॉक्टर मित्राला पत्रातून गाऱ्हाणी सांगत. मला त्या आयांची भारी कीव आली.

तेवढ्यात मागच्या गल्लीत देवीचा रोगी निघाला. टोचणारे आले, तशी खालच्या मजल्यावरच्या ठाकुमांनी, म्हणजे बंगाली आजींनी, नातीला घेऊन दार लावलं.

"अरे, तू यातला पंडित ना? समजाव त्यांना," काकू म्हणाली.

मी दाराबाहेरून मोडक्या बंगालीत व्याख्यान ठोकलं. दार किलकिलं झालं.

"आगे तुमि नाओ." आधी तू घे.

मी ऐटीत बाही सरसावली. दोन टोकांची सुई दिसली. त्यानंतर दिसल्या त्या तोंडावर पाणी मारणाऱ्या ठाकुमा.

"टोचलं?" मी विचारलं.

"अजून नाही," काकू म्हणाली.

शेवटी ठाकुमांनीच माझा हात धरला. टोचून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला टोचलं होतं. तरी देवीनंच गेला. आता तुला ताप येईल. तो उतरलेला बघेन, मग नातीला."

दंड सुजला, मी तापाने फणफणलो. ठाकुमा रोज येऊन कपाळाला हात लावत. मी उठून जेवायला बसलो त्या दिवशी त्यांनी स्वतः नातीला मांडीवर घेऊन तिला टोचवून घेतलं. पोरगी हूं की चूं न करता माझ्याकडे बघत होती. मी निघालो तोवर तिच्या दंडावर खपलीही धरली होती.

पुण्याला आल्यावर पत्रांच्या नकला पुन्हा वाचल्या. त्या आया का पळत, हे एकाही पत्रात नव्हतं. डॉक्टर बहुधा विचारायला थांबलेच नाहीत. मी थांबलो होतो. अर्थात, अंथरुणातून उठता येत नव्हतं म्हणून.