जस्ताचं टेकाड

परभणीला समुद्र नाही. तरी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो कोकणातून कॅनमध्ये भरून येतो आणि मामा त्याची राखण करतात. मामा म्हणजे आमचे परिचर. बाटल्या आठवडाभर आम्लात बुडवून ठेवतात आणि दारातच प्राचार्यांच्याही हातातली अंगठी उतरवून घेतात. “बघायचं, हात लावायचा न्हाई,” एवढंच त्यांचं स्वागत.

समुद्राच्या पाण्यात धातू अगदी नावाला असतो; बाहेरचा कणभर मिसळला तरी मोजमाप बिघडतं. तो मोजायला विजेने पाऱ्याच्या थेंबावर गोळा करायचा, मग सोडायचा. सुटताना यंत्राच्या पडद्यावरची रेघ उंचावते; धातू जितका जास्त, तितकी उंच. मामा तिला टेकाड म्हणतात.

परवा भर उन्हाळ्यात जस्ताचं टेकाड पडद्याबाहेर गेलं. मी खूश! किनाऱ्यावरच्या एका कारखान्याने समुद्र नासवला, असा अहवालही लिहून टाकला. पाठवणार, तेवढ्यात मामा माझ्या पाठीमागे येऊन वास घ्यायला लागले.

“काय झालं, मामा?”

“सर, घामोळ्याची पावडर लावली का?”

“लावली. लय उकडायलंय. का?”

“डब्यावर वाचा. जस्त हाय त्यात. समुद्रात न्हाई, तुमच्या मानंवर हाय.”

विद्यार्थ्यांसमोर त्यांनी मला नळाखाली वाकवलं. नंतर नव्या बाटलीतलं पाणी तपासलं, तर टेकाड भुईसपाट. अहवाल मी गुपचूप फाडला.

दुसऱ्या दिवशी दारावरच्या ‘चपला बाहेर काढा’ या पाटीखाली मामांच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘मान धुतल्याशिवाय सरांना प्रवेश नाही.’