रापणीचा वाटा आणि माझं हलासन

माझ्या बायकोवर माझा कसलाच राग नव्हता. राग होता तो तिला मिळणाऱ्या सुरमईचा.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी समुद्रकाठच्या तोंडवलीत शाळामास्तर होतो. सुट्टीत कोल्हापूरला एका शिबिरात जाऊन योगासनं शिकून आलो (निम्मं शिबिर पोट बिघडल्यामुळे अंथरुणात काढलं, पण प्रमाणपत्रावर तसं लिहीत नाहीत) आणि आल्याबरोबर शाळेच्या अंगणात सकाळचा वर्ग काढला. शिष्य म्हणून गावातले रापणकर आले. किनाऱ्यावर उभं राहून भलंमोठं जाळं दोरीने ओढणारी ही दणकट माणसं. त्यांचा म्होरक्या भिकाजी तांडेल. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं,

"मास्तरानू, तुमका द्यावचा काय?"

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "विद्या विकायची नसते, भिकाजी. ज्याने त्याने आपल्या समजुतीने द्यावं."

(मिटलेल्या डोळ्यांसमोर तेव्हा सुरमईच्या तुकड्या तळल्या जात होत्या!)

महिना झाला. सगळ्यांनी मिळून मला एक नारळ दिला. तोही देवाला ठेवतात तसा, हात जोडून, लांबून!

इकडे शाळेला लागून असलेल्या आमच्या घराच्या मागल्या परसात वेगळंच चाललं होतं. माझी बायको सुलोचना त्याच रापणकरांच्या बायकांना आसनं शिकवत होती. मला पत्ताच नाही! एके दिवशी पानात अचानक सरंगा माशाची तुकडी पडली, तेव्हा चौकशी केली.

"ह्यो सरंगो खंयसून इलो?"

"भिकाजीच्या बायलेन दिल्यान. तिची कंबर बरी झाली."

"आसनां तू शिकलंस खंय गो?"

"सैपाकघरात. तुमी सकाळी वराडतास, ता सगळा ऐकाक येता."

म्हणजे विद्या माझी, आवाज माझा, आणि सरंगा तिला! पुढे रोजच सुरू झालं. आज बांगडे, उद्या मोरी, परवा सुरमई. बायका पदराआड टोपली घेऊन यायच्या आणि मला ओलांडून थेट मागल्या दारी जायच्या. मी सरळ सरळ जळत होतो. जळत होतो आणि जेवत होतो. दुसऱ्यांदा कालवण मागताना तर माझा नुसता भडका उडायचा.

शेवटी एका सकाळी मी भिकाजीला गाठलं. "हा न्याय आहे का? तिला जे येतं ते माझं ऐकून येतं. मग दक्षिणा कुणाला मिळायला हवी?"

भिकाजीने शांतपणे विडी विझवली. "मास्तरानू, रापणीचो वाटो कोणाक गावता?"

"कोणाला?"

"दोरयेक हात लावता तेका. मगे तो गावचो असो नायतर वाटेन जाणारो. तुमी खुर्चयेर बसान नुसते 'वाका, वाका' म्हणतास. घाम आमचो. खरा म्हणजे तुमीच आमका कायतरी द्यावक व्हया! बाई आमच्या बायलांबरोबर जमनीर पडतत, हात लावतत. तेंचो वाटो तेंका."

बाकीच्या शिष्यांनी माना डोलावल्या. महिनाभरात त्यांच्या माना एवढ्या सफाईने कधी हलल्या नव्हत्या!

मी पेटलो. "उद्या या सगळे! बायकांनाही आणा! मी स्वतः हलासन करून दाखवतो!"

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. बायका कुडाच्या कडेला, सुलोचना त्यांच्यात. मी धोतराचा काचा घट्ट मारला, उताणा झोपलो, पाय वर घेतले आणि डोक्यामागे टाकले. पाय जमिनीला टेकले! टाळ्या पडल्या. आणि त्याच क्षणी कमरेत काहीतरी कट्कन वाजलं आणि मी तसाच अडकलो.

"सोडवा!" मी ओरडलो. पण पोट छातीवर आणि छाती हनुवटीवर आल्यामुळे बाहेर पडला तो नुसता हुंकार.

"मंत्र म्हणतत," भिकाजी आदराने म्हणाला. "किती येळ रवाचा, मास्तरानू?"

मी पुन्हा हुंकारलो. सगळे हात जोडून बसले. माझा चेहरा जांभळा झाला, तशी एक म्हातारी म्हणाली, "बघा गो, काय तेज चढलासा!"

एवढ्यात किनाऱ्यावरून आरोळी आली, "मासो इलो रे!" क्षणात अंगण रिकामं! माझ्या शिष्यांनी गुरूला आकाशाकडे बूड करून तसंच सोडलं आणि रापण गाठली. बांगड्यापुढे कसला गुरू!

मागे राहिली ती एकटी सुलोचना. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "अवो, श्वास सोडा आधी. धरून कित्याक ठेवलास?"

तिने पाठीखाली हात घातला, पाय स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि मला इंच इंच उलगडत आणलं. ते होईपर्यंत ती घामाने निथळत होती आणि मी कुडाला पाठ टेकून कण्हत होतो.

तेवढ्यात भिकाजी परत आला. हातात भलीमोठी सुरमई! माझे डोळे पाणावले. शेवटी गुरूची आठवण झाली तर! मी कण्हणं थांबवून हात पुढे केला. भिकाजीने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्या घामाकडे पाहिलं आणि मला वळसा घालून तो सुलोचनाकडे गेला.

"बाई, ह्यो तुमचो वाटो. आमी सगळ्यांनी मिळान ओढला, त्येच्यापेक्षा जड तुमी एकट्यान ओढलास!"

कंबर धरून मी पंधरवडाभर पडलो. उठलो तो मुकाट्याने मागल्या परसात गेलो आणि बायकांच्या ओळीत शेवटी उभा राहिलो. "शिकव," म्हटलं. "काय घेशील?"

सुलोचनाने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "मासे तुमी साफ करूचे."

तेव्हापासून आमच्या घरात मासे मी साफ करतो. पोट काढणं, कल्ले काढणं, मीठ लावणं, सगळं मी. आणि आमच्याकडे जेवून उठणारा प्रत्येक पाहुणा बोटं चाटत म्हणतो, "बाईंच्या हाताक काय चव आसा!"