आमच्या घराण्याची तलवार

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि त्यात सगळा दोष साडेतीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाचा होता. (माझा अजिबात नव्हता, असं मी बायकोला आजही सांगतो. ती आजही ऐकत नाही.)

आमची नेत्रा बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. तिथंच तिचं पुण्याच्या अमेयशी जमलं. मुलगा सालस, कमी बोलणारा. तो कमी का बोलतो, ते त्याच्या आईचा पहिला फोन आला तेव्हा कळलं. घरातलं सगळं बोलणं त्याच करत होत्या.

वैजयंतीबाई निवृत्त इतिहास-शिक्षिका. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी सांगून टाकलं, "सनावळ्या शिकवून शिकवून मी कंटाळले हो! कोण जिंकलं, कोण हरलं, त्यात मला रस नाही. लढाईच्या आदल्या दिवशी सैनिकांचे कपडे कोण धुवायचं, ते सांगा!"

मी काय सांगणार? आमच्या घरी कपडे मशीन धुतं.

"बरं, तुम्ही बंगळूरला कधी आलात?"

"साडेतीनशे वर्षं झाली," मी म्हणालो.

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला.

"म्हणजे मराठ्यांच्या फौजेबरोबर?"

"हो, मग!"

"फौजेत कोण होते तुमचे पूर्वज?"

इथं मी 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. खरंच माहीत नव्हतं. आमचे आजोबा एवढंच म्हणायचे, "आपण फौजेतून आलो." आणि तेही अशा थाटात, की जणू 'आपण बसनं आलो.' पण पलीकडे मुलीची होणारी सासू! माझ्या तोंडून निघून गेलं, "सरदार!"

सुलूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सरदारकी कुठं दिसते का, ते ती शोधत असावी.

"तलवार वगैरे आहे का घरात?"

"आहे तर!" हे मात्र खरं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, आमच्याकडेच राहते; तिच्या देवघरात घराण्याची तलवार आहे. दर दसऱ्याला तिची पूजा होते.

"मी येतेच बघायला!" वैजयंतीबाई म्हणाल्या. मुलीला की तलवारीला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मोबाइल वाजला. 'नमस्कार नरसिंगराव. युद्धाच्या दिवशी सरदार सकाळी काय खात?' मी ठोकून दिलं, 'दही-भात.' साडेसहाला पुन्हा. 'रात्रभर घोडे खिंकाळत, तर माणसं झोपत कशी?' मी लिहिलं, 'कानात कापूस.' सातला: 'पावसात बंदुकीची दारू ओली झाली तर?' मी चहा टाकून येरझाऱ्या घालू लागलो. हॉलमधून गच्चीत, गच्चीतून हॉलमध्ये. मोबाइल खिशात थरथरला की मीही थरथरायचो.

"अहो, बसा की एका जागी!" सुलू वैतागली. "आणि कळत नाही म्हणून सांगा त्यांना."

"आता कसं सांगू? सरदाराच्या घरात कळत नाही, असं असतं का?"

मग तो दिवस उजाडला. प्रश्न आला: 'चिलखत घातल्यावर पाठीला खाज सुटली तर काय करत?'

खरं सांगतो, प्रश्न वाचल्याबरोबर माझ्याच पाठीला खाज सुटली. दाराच्या चौकटीला पाठ घासत घासत मी उत्तर लिहिलं, 'त्यासाठी खास माणूस असे.'

'अय्या! त्याला म्हणत काय?'

चिटणीस असतात, फडणवीस असतात. माझा अंगठा आपोआप चालला. 'खाजनवीस.'

पलीकडून टाळ्यांची सोळा चित्रं आली! 'केवढा दुर्मीळ शब्द दिलात!' मला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी नेत्रानं विचारलं, "अप्पा, अमेय विचारतोय, खाजनवीस म्हणजे काय? त्याची आई त्यावर भाषण देतेय म्हणे." मी गच्चीत निघून गेलो.

आणि एका रविवारी माय-लेक जे. पी. नगरला आमच्या घरी हजर झाले. (अमेयचे बाबा गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिले. माझ्या मते निमित्त गुडघ्यांचं होतं.) वैजयंतीबाईंच्या हातात जाडजूड वही. मी दार उघडून म्हणालो, "स्वल्प थांबा, चपला ठेवायची जागा करतो."

"स्वल्प!" त्यांनी उंबऱ्यातच वही उघडली. "बखरीत शोभेल असा शब्द! साडेतीनशे वर्षं जपलात हो!"

तो कानडी शब्द मी बसच्या कंडक्टरकडून उचललाय, हे सांगायला तोंड उघडलं, पण सुलूनं डोळे वटारले. एव्हाना तीही खोट्यात सामील झाली होती!

चिरोट्यांचं ताट टीपॉयवर आलं. वैजयंतीबाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तलवार?"

अक्का तलवार मांडीवर घेऊनच बसली होती. दर दसऱ्याला ती चिकपेटच्या बाजारातून मखमल आणून जुन्या खोळीवर नवी खोळ शिवते. जुनी काढायची नाही, असा घरचा नेम. त्यामुळे तलवार आता लोडाएवढी झाली होती.

"नमस्कार करा आणि पुरे," अक्का म्हणाली. "बाहेर काढायची नाही. बाहेर काढली की रक्त मागते. आजोबा सांगून गेलेत."

"टाचणी आहे माझ्याकडे," वैजयंतीबाईंनी पर्स उघडली. "अमेय, बोट पुढं कर."

अमेयनं बोट पुढं केलं. (तेव्हाच मला खात्री पटली, हा नवरा म्हणून चांगला निघणार.) त्यापुढं अक्काचं काही चाललं नाही. खोळी उसवायला सुरुवात झाली. तांबडी, जांभळी, हिरवी, मग एक माझ्या मुंजीतल्या पडद्याची. ढीग वाढत गेला आणि तलवार मात्र बारीक होत गेली. शेवटी उरलं काळपट लाकडी म्यान आणि बाहेर डोकावणारी लोखंडी मूठ.

"उपसा, नरसिंगराव! तुमचाच मान!"

मी उठलो. दोन्ही पाय फाकवून उभा राहिलो. नेत्रानं मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. मी ओढलं. हललं नाही. अमेयनं म्यान धरलं, मी मूठ धरली, सुलूनं मला धरलं.

"एक, दोन..."

"हर हर महादेव!" मी ओरडलो, आणि तीन म्हणायच्या आत सट्कन सुटलं. सुलू बाजूला झाली (तीस वर्षांचा संसार!) आणि मी थेट चिरोट्यांत बसलो. पण हात मात्र मी वर ठेवला होता. चित्रीकरण चालू होतं ना!

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. म्हणून मी वर पाहिलं.

माझ्या हातात उलथनं होतं.

दोन हात लांब, जाड लोखंडी दांडा, टोकाला तळहाताएवढं चपटं पातं. दुसऱ्या टोकाला, म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जिला मूठ म्हणून खोळीवरून गंध लावत आलो तिथं, खुंटीला अडकवायचं भोक.

"हे उलथनं आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"जुन्या तलवारी अशाच असायच्या," मी चिरोट्यांतूनच म्हणालो.

"पात्याला धार नाही."

"शत्रूवर दया म्हणून..."

"अप्पा!" नेत्रा ओरडली.

वैजयंतीबाईंचा आवाज एकदम वर्गातल्यासारखा झाला. "नरसिंगराव, सरळ सांगा. सरदार?"

"माहीत नाही."

"कानात कापूस?"

"माहीत नाही."

"आणि खाजनवीस?"

मी मान खाली घातली. मांडीवर चिरोट्याचा चुरा होता.

"आमच्या इतिहास मंडळाच्या पत्रिकेत छापून आलाय तो शब्द! माझ्या नावासकट! पन्नास माणसांसमोर मी..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझी सगळी मस्करी तिथं संपली. ही बाई खोडसाळपणानं नव्हे, मनापासून विचारत होती. आणि एवढ्या वर्षांत तिला न हसता उत्तरं देणारा बहुधा मीच पहिला भेटलो होतो. "अमेय, चल. ज्या घरात साध्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, तिथं सोयरीक करायची का, ते बघू आपण."

अमेय नेत्राकडे बघत उभा राहिला. नेत्रा माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं, ते मी इथं लिहीत नाही.

मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेलो. "चुकलो, वैजयंतीबाई. माझ्यावरचा राग पोरांवर काढू नका. तुम्ही विचारायच्या, आणि मला वाटायचं, नाही म्हटलं तर माझी किंमत जाईल."

त्यांनी एक चप्पल पायात सरकवली. दुसरीत पाय घालता घालता थांबल्या. खांद्यावरून मागं वळून त्या लोखंडाकडे बघू लागल्या. राग चेहऱ्यावर होता, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

"एवढ्या मोठ्या उलथन्यानं परतत काय असतील हो?"

मी तोंड उघडलं. सुलूनं माझ्या तोंडावर हात ठेवला!

"पीठ," अक्का म्हणाली.

"कसलं पीठ?"

"दसऱ्याला तलवारीला... म्हणजे ह्याला, आमच्यात नैवेद्य असतो ना. गोडधोड नव्हे. नाचणीचं पीठ कोरडंच भाजायचं, गूळ-सुंठ घालून लाडू वळायचे. तूप नाही की दूध नाही. महिनाभर बिघडत नाहीत बघा. तलवारीला असला गरीब नैवेद्य का म्हणून मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, सुम्म रह, गप्प बस, असंच असतं."

वैजयंतीबाईंनी पायातली चप्पल काढली.

"महिनाभर टिकतो? म्हणजे कूच करताना बरोबर न्यायला! घोड्यावर बसून खाता येईल! एका माणसाला दिवसाला किती लाडू? भाजायला कढई केवढी? आणि लाकडं कोण आणायचं?"

"मला काय माहीत?" अक्का शांतपणे म्हणाली.

"वा!" वैजयंतीबाईंनी वही उघडली. "ह्याला म्हणतात इतिहासाचं प्रामाणिक साधन!"

दोघी देवघरासमोर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मला कुणी काही विचारलं नाही. जाताना वैजयंतीबाई एवढंच म्हणाल्या, "तलवार चालवणारे पुष्कळांच्या घरात निघतात हो. फौज जेवू घालणारा मला पहिलाच भेटला." आणि तारीख ठरवून गेल्या.

लग्न बंगळूरलाच झालं. वैजयंतीबाईंनी आल्यागेल्याला माझी ओळख करून दिली, "ह्यांच्या घराण्यानं अख्खी फौज जेवू घातली!" ही कीर्ती मांडवातून थेट मागच्या भटारखान्यात पोचली. सकाळी आठ वाजता मुख्य आचारी हात जोडून माझ्यासमोर उभा. सांबाराचं भलंमोठं पातेलं उकळत होतं.

"सार, तुम्ही मोठे माणसं," तो म्हणाला. "सहाशे पानं आहेत. उप्पु एष्टु? मीठ किती घालू?"

मला माहीत नव्हतं. पण मी पातेल्याकडे दोनदा पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि आकडा सांगितला.

दुपारी दोनच्या सुमारास हॉलच्या व्यवस्थापकाला पाण्याचा दुसरा टँकर मागवावा लागला.